नऊ नंबरची खिडकी

अलिदा व्हरस्ट्रेपनच्या पायांत टाचेचे बूट कधी कोणी पाहिले नाहीत. लग्नातही ती सपाट बुटांत उभी राहिली, नवऱ्याच्या खांद्याशी आली, आणि त्यावरून सासूने वर्षभर नाक मुरडलं. पण अँटवर्पच्या जुन्या भागातल्या उंचसखल दगडी रस्त्यांवरून ज्याला रोज चालायचं आहे त्याने टाचांचे लाड करू नयेत, हे तिचं मत होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

मूलबाळ झालं नाही. नवरा गोदीत कारकून होता, तो बावन्नाव्या वर्षी गेला. त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. दोन्ही खाटा रिकाम्या झाल्यावर अलिदाने चर्चच्या पास्तोरला विचारून एक काम अंगावर घेतलं. दर रविवारी दुपारी अडीचच्या ठोक्याला चर्चच्या बाजूच्या दाराशी उभं राहायचं आणि जे कोणी येतील त्यांना जुनं शहर पायी फिरवून आणायचं. चोवीस वर्षांत तिने फक्त चार रविवार चुकवले, तेही गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून.

खांद्याला छत्री, काखेत जुन्या फोटोंची फाईल, गळ्यात आईचा चांदीचा क्रूस. मागे दहा-पंधरा माणसं. मासळीबाजाराच्या मागून, कातडी कमावणाऱ्यांच्या अंगणांतून, दोघं समोरासमोर आले तर एकाने पाठ भिंतीला लावून उभं राहावं अशा बोळांतून ती त्यांना न्यायची. आमच्या जुन्या शहरात घरांच्या कोपऱ्यांवर, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, मारियामातेच्या मूर्ती आहेत. कुठे बाळ येशूला कडेवर घेतलेल्या, कुठे नुसत्या हात जोडलेल्या, प्रत्येकीच्या पायाशी एक कंदील. प्रत्येक कोपऱ्यावर अलिदा छत्रीचं टोक उंच करायची आणि म्हणायची, "वर बघा! खाली बघून चालणाऱ्याला फक्त कुत्र्याची घाण दिसते. शहर वर आहे." लोक हसायचे आणि वर बघायचे. काही जणांना तिचं हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की तिच्या आधी तेच म्हणायचे.

फेरी संपायची ती तिच्या स्वतःच्या गल्लीत, दोरखंडवाल्यांच्या गल्लीत. गल्ली नदीकडे उघडते तिथे एक नंबरच्या घराच्या कोपऱ्यावर मारियामाता उभी आहे, धक्क्याकडे तोंड करून. त्या कंदिलाची एक रीत आहे. बाकी कोपऱ्यांवर कधीच वीज आली, इथे अजून तेलाचा दिवा लागतो. कंदिलाची किल्ली गल्लीतल्या घराघरांतून फिरते. दर शनिवारी संध्याकाळी शेजारच्या घरी किल्ली द्यायची, आठवडाभर त्या घराने दिवा सांभाळायचा. फक्त नऊ नंबरला किल्ली जात नाही. अकरावाले ती सरळ दोन नंबरला देतात. का, ते कोणी विचारत नव्हतं.

नऊ नंबरला, वरच्या मागच्या दोन खोल्यांत, फ्लोर राहायचा. जन्माने गेंटचा, ट्रामचा निवृत्त ड्रायव्हर, देवाधर्माशी देणंघेणं नसलेला. "तीस वर्षं झाली," तो अलिदाला म्हणायचा, "मला काय किल्ली चावेल? मी पाखंडी म्हणून नाही ना देत?"

"नऊला पाळी नसते," अलिदा म्हणायची. "रीत आहे."

"रीत! ट्रामच्या रुळासारखी. एकदा टाकली की म्हातारा ड्रायव्हर मरेपर्यंत त्यावरूनच."

फ्लोरच्या खिडकीवरच तर अलिदाच्या फेरीचा शेवट उभा होता. ती लोकांना मूर्तीखाली गोळा करायची आणि हलक्या आवाजात सांगायची: साल त्रेचाळीस. जर्मनांचा हुकूम होता की अंधार पडल्यावर गावात कुठे काजव्याएवढाही उजेड दिसता कामा नये. त्या आठवड्यात पाळी माझ्या आईची होती, कोलेटाची. ती म्हणाली, शेकडो वर्षं जी माता अंधारात उभी राहिली नाही ती माझ्या पाळीला राहणार नाही. आणि तिने दिवा लावला. सहा रात्री लावला. सातव्या रात्री शिपाई आले. घराची झडती झाली. माझे वडील जर्मनीतल्या सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी माळ्यावर लपले होते, ते सापडले. त्यांना नेलं. परत आले नाहीत.

इथे ती थांबायची. मग छत्री मूर्तीवरून वळवून पलीकडच्या भिंतीकडे करायची.

"आणि ती खिडकी बघा. नऊ नंबर. तिथे एक शिवणकाम करणारी बाई राहायची, जर्मन अधिकाऱ्यांचे कोट उसवून नीट करायची. त्या खिडकीतून तिने दिवा पाहिला आणि जाऊन सांगितलं. नाव मी घेत नाही. तिचा न्याय देवाने केला असेल."

सगळी बोटं वर जायची. दहा-पंधरा बोटं, एका खिडकीकडे. कधी फ्लोर तिथे बनियनवर उभा असला तर वाकून नमस्कार करायचा. एकदा त्याने खिडकीला पुठ्ठा लावला होता: 'मी नव्हे! मी तेव्हा गेंटला होतो.' लोक पोट धरून हसले. अलिदाने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला.

ते साल दोन हजार चार. गाव जर्मनांच्या हातून सुटल्याला सप्टेंबरात साठ वर्षं होणार होती. पास्तोर गोमार आणि गल्लीतल्या लोकांनी ठरवलं की पंधरा ऑगस्टला, मारियामातेला स्वर्गात नेलं त्या सणाला, कोपऱ्यावर पितळेची पाटी लावायची. पंधरा ऑगस्ट हाच आमच्या गावाचा आईचा दिवस. बाकी देश मे महिन्यात आयांना फुलं देतो, अँटवर्पची मुलं ऑगस्टपर्यंत थांबतात. पाटीवर लिहायचं होतं: अंधाराच्या वर्षांत कोलेटाने हा दिवा राखला. अलिदाने मजकूर वाचला तेव्हा तिने पाटीचा कागद छातीशी धरला, आणि मागे वळून नाक पुसलं. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्यासाठी, तिच्या माणसांसाठी, कोणी पहिल्यांदाच काही कोरून ठेवणार होतं.

जून महिन्यातल्या एका रविवारी फेरीला तेरा माणसं होती. त्यांत राखाडी रेनकोट घातलेली एक म्हातारी होती, हातात काठी. अलिदाचं तिच्याकडे लक्ष गेलं ते एवढ्यासाठी की सगळे वर बघत असताना ती खाली बघत होती. दारांचे उंबरे बघत होती.

दोरखंडवाल्यांच्या गल्लीत शिरल्यावर, कोपऱ्याच्या वीस पावलं अलीकडे, एक छोटं मोकळं मैदान आहे. मधे लिंडनचं झाड, दोन बाकं. तिथे अलिदा नेहमीप्रमाणे थांबली. "इथे तीन घरं होती. तीन, पाच आणि सात नंबर. चव्वेचाळीसच्या डिसेंबरात जर्मनांचं रॉकेट पडलं. अकरा माणसं गेली. घरं परत बांधली नाहीत, झाड लावलं." मग कोपऱ्यावर जाऊन तिने आईची गोष्ट सांगितली, छत्री वळवली, बोटं वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पांगले.

राखाडी रेनकोटवाली पांगली नाही.

"मादाम, एक विचारू?"

"विचारा की."

"त्या खिडकीतून?"

"त्याच."

"ती खिडकी तेव्हा नव्हती."

अलिदा हसली. पुस्तक वाचून फेरीला येणारे आणि शेवटी चुका काढणारे दोन-तीन महिन्यांनी एखादे भेटतातच. "मादाम, मी त्या समोरच्या चार नंबरात जन्मले."

"आणि मी नऊ नंबरात," म्हातारी म्हणाली. "माझं नाव ओडिल. तुम्ही जिचं नाव घेत नाही ती माझी आई. लिओनी होतं तिचं नाव."

अलिदाने छत्री उगाच उघडली आणि मिटली.

"तुम्हीच तर आता सांगितलंत," ओडिल म्हणाली. आवाज चढला नव्हता, दुकानात सुटं परत मागावं तसा होता. "तीन, पाच, सात. सात नंबरची भिंत आणि आमची भिंत एकच होती. पलीकडे तांब्याची भांडी ठोकणारा म्हातारा राहायचा. त्याच्या खोकल्यावर आम्ही उठायचो. त्या भिंतीला खिडकी असती तर ती त्याच्या जेवणाच्या ताटात उघडली असती. आमची एकच खिडकी होती, मागच्या अंगणाकडे. तिच्यातून कोंबड्या दिसायच्या."

"मग... बाहेर पडताना बघितलं असेल."

"अंधार पडल्यावर बाहेर पडायला बंदी होती मादाम. तेही तुम्ही सांगता, मासळीबाजारापाशी." ओडिलने काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुमची मारियामाता धक्क्याकडे तोंड करून उभी आहे. दिवा धक्क्यावर दिसत होता. धक्क्यावर जर्मनांचा पहारा होता. सहा रात्री त्यांनी चालवून घेतलं हेच नवल. सांगायला कोणी जायची गरज नव्हती."

गल्लीतून एक सायकल गेली. दोघी भिंतीला सरकल्या.

"चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, गाव सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी," ओडिल म्हणाली, "ह्याच मूर्तीखाली आईला खुर्चीवर बसवलं. दंडाला पट्ट्या बांधलेली, जर्मनांशी लपून लढलेली माणसं होती. त्यांनी विचारलं, नक्की हीच का? तुमची आई म्हणाली, पोराबाळांना विचारा. एक छोटी मुलगी होती, निळ्या झग्यातली. तिने बोट वर केलं. मग आईच्या केसांवर कात्री चालली. मी आठ वर्षांची होते, सगळं बघत होते. ती मुलगी तुम्ही का?"

"मला आठवत नाही," अलिदा म्हणाली.

ओडिलने मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे तिला कोर्त्रेकहून अँटवर्पच्या गाडीत बसतानाच माहीत होतं. "पाटी लागणार आहे, असं पेपरात वाचलं. लागू दे. तुमच्या आईने दिवा लावला होता, खरंच लावला होता. माझी आई मेली ती डोक्याचा रुमाल न सोडता, केस परत आले तरी. मला एवढंच हवंय, त्या दिवशी लोकांसमोर एकदा म्हणा की ती खिडकी तेव्हा नव्हती. बाकी काही बोलू नका. मी येईन."

अलिदा घरी आली ती कोट न काढताच टेबलाशी बसली. फाईल उघडली. अडतीस सालच्या मिरवणुकीचा फोटो तिने हजारदा तरी लोकांना दाखवला असेल. पुढे छोट्या मुलींच्या हातात कमळासारखी कागदी फुलं, वर मूर्ती, मागे गल्ली. आज तिने पहिल्यांदा मागची गल्ली पाहिली. एक, तीन, पाच, सात, नऊ. खांद्याला खांदा लावून घरं उभी. नऊ नंबरच्या कुशीची भिंत फोटोत नाहीच, कारण सात नंबर तिला चिकटलेलं. वीस पावलांवरच्या दोन जागा, दोन गोष्टी, चोवीस वर्षं एकामागून एक सांगितलेल्या. पहिली खरी असेल तर दुसरी होऊच शकत नाही. हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि हजारो लोक ऐकून गेले त्यांच्याही नाही. सगळे वर बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती फ्लोरकडे गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या खोलीत पाऊल ठेवलं.

"अगं बाई! मारियामाता स्वतः खाली उतरली की काय?" फ्लोरने खुर्चीवरचे मोजे उचलले. "कॉफी घेणार?"

"ती खिडकी बघायची आहे."

"बघ की. आख्खं गाव बघतं."

तिने खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. फ्लोरने खिडकीच्या वरचा वॉलपेपर नखाने सोलला. आत सिमेंटची तुळई होती आणि गवंड्याने ओल्या सिमेंटात काडीने लिहिलं होतं: १९५३.

"तुला माहीत होतं?"

"गरम पाण्याचे पाइप घातले तेव्हा दिसलं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"मला कोणी विचारलं?" फ्लोर म्हणाला. "मला वाटलं, गोष्ट आहे. पोरांना खाऊ वाटायला संत निकोलास येतो तेव्हा त्याची दाढी कोणी ओढून बघतं का? पोरं रडतील. तुझी माणसं खूश असायची, तू खूश असायचीस." मग तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "कोण राहायचं गं इथे?"

अलिदाने सांगितलं नाही. ती जिना उतरत होती तेव्हाच तिला ते आठवलं, जे इतकी वर्षं आठवत नव्हतं असं ती स्वतःलाही सांगत आली होती. शिडी. आई शिडीवर, आपण खाली शिडी धरून, पाच वर्षांची. आणि घरातून, अर्धवट उघड्या दारामागून, वडिलांचा दबका आवाज: "कोलेटा, आज नको. आजची रात्र नको." आणि आईने वळून न बघता काडी ओढली होती. आईला माहीत होतं. त्या दिवसापासून तिला माहीत होतं की नवऱ्याला कोणी दाखवून दिलं नाही, आपण दिव्याने दाखवलं. एवढं ओझं घेऊन कोणती बाई जगेल? तिने ते उचलून समोरच्या शिवणवालीच्या डोक्यावर ठेवलं. आणि ठेवताना मदतीला एका मुलीचं बोट घेतलं. निळा झगा होता. आईने मनगट धरून हात वर केला होता, पण बोट मात्र अलिदाने स्वतःच ताठ केलं होतं. हे तिला पक्कं आठवत होतं.

शनिवारी ती पापकबुलीला गेली. जाळीपलीकडे पास्तोर गोमार होते, सत्तरीचे, दम्याचे. तिने सगळं सांगितलं.

"तू सहा वर्षांची होतीस अलिदा. सहा वर्षांच्या मुलीला देव जबाबदार धरत नाही."

"आणि सहासष्टच्या?"

"ही गोष्ट सांगायला ती वेळ आहे का? बिशपांचे प्रतिनिधी येणार. शाळेची मुलं येणार. आईचा दिवस आणि तू आईला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "सण होऊ दे. मग त्या बाईंना सविस्तर पत्र लिही. मेलेल्यांना शांतता मिळू दे. जपमाळेची पाच दशकं म्हण, दहा-दहा मण्यांची."

पाचही दशकं तिने त्याच संध्याकाळी म्हटली. एकेक मणी पुढे सरकवताना तिला वाटलं, पास्तोरांचं खरं आहे. मग वाटलं, मला हेच ऐकायचं होतं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. देवासमोर गुडघे टेकून माणूस किती चतुराई करू शकतो हे गुडघे टेकणाऱ्यालाच ठाऊक.

शेवटी तिने मधला मार्ग काढला. गोष्ट सांगायची, पण खिडकीपाशी यायचं नाही. दिवा, शिपाई, वडील, आणि तिथेच थांबायचं. खोटं बोलायचं नाही. जे बोलायचं ते बोलायचंही नाही. ओडिलला कळेल की आपण ते वाक्य गाळलं. तेवढं तिला पुरेल, असं अलिदाने ठरवून टाकलं.

पंधरा ऑगस्टला रविवारच होता. गल्ली फुलांनी भरलेली, मुलांच्या हातात केकचे खोके, मोठ्यांच्या हातांत न पेटवलेल्या मेणबत्त्या, बायका आपापल्या आयांना हाताला धरून आलेल्या. पाटीवर निळा पडदा. हिल्डा, म्हणजे गेली दोन वर्षं अलिदाच्या मागे फिरून फेरी शिकणारी शाळामास्तरीण, हातात टिपणवही घेऊन अगदी शेजारी उभी होती. अलिदाचं एकेक वाक्य तिला तोंडपाठ होतं, आणि अलिदावर तिचा फार जीव होता.

गर्दीच्या मागे, लिंडनच्या झाडापाशी, राखाडी रेनकोट होता.

अलिदाने सुरुवात केली. आवाज कापत होता, लोकांना वाटलं भरून आलंय. दिवा झाला. शिपाई झाले. माळा झाला. "...त्यांना नेलं. परत आले नाहीत." आणि ती थांबली. छत्री खाली टेकवली.

लोक वाट बघत होते. बिशपांच्या प्रतिनिधींनी पडद्याच्या दोरीला हात घातला, मग काढला.

"अलिदा," हिल्डा कुजबुजली. "खिडकी."

अलिदा निळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"खिडकी राहिली," हिल्डा जरा मोठ्याने म्हणाली. मग म्हातारीची स्मृती दगा देतेय असं वाटून, मायेने, तिचा दंड धरून, लोकांकडे वळून ती स्वतःच बोलली, "आणि ती खिडकी बघा. नऊ नंबर!"

वर्षानुवर्षं फेरीला येणारे तिथे होतेच. "शिवणवाली!" कोणीतरी म्हणालं. "जर्मनांचे कोट नीट करायची ती!" शाळेतल्या मुलांना कोणी सांगावं लागलं नाही. दोनशे बोटं वर गेली, लहान, मोठी, अंगठीवाली, केकच्या साईने माखलेली. अलिदाने तोंड उघडलं. एक वाक्य होतं, चार-पाच शब्दांचं, जिभेवर आलेलं. समोर आईच्या नावावरचा निळा पडदा वाऱ्याने फुगत होता.

"मेणबत्त्या पेटवा," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. पडदा सरकला. पितळ उन्हात इतकं चमकलं की नाव वाचता आलं नाही. ओडिल वळली, नऊ नंबरच्या दाराशी गेली, काठी भिंतीला टेकवून वाकली, आणि उंबऱ्याच्या दगडाला हात लावला. मग काठी उचलून ट्रामच्या दिशेने निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

सप्टेंबरात अलिदाने सहा पानी पत्र लिहिलं, पास्तोरांनी सांगितल्याप्रमाणे. सगळं लिहिलं, शिडी, वडिलांचा आवाज, निळा झगा, ताठ केलेलं बोटसुद्धा. उत्तर एका पोस्टकार्डावर आलं. "मादाम, मला पत्र नको होतं. माणसं हवी होती, ती त्या दिवशी सगळी होती. ओडिल."

त्यानंतर अलिदाने फेरी सोडली. गुडघ्याचं कारण सांगितलं. हिल्डाला मात्र तिने घरी बोलावून खरं काय ते सांगितलं, फोटो दाखवला, तुळईवरच्या आकड्याचं सांगितलं. हिल्डाचे डोळे भरून आले. तिने अलिदाचे दोन्ही हात धरले.

"तुमचं मन किती मोठं आहे. पण अलिदा, पत्रकं छापून झालीत. आणि लोक त्या खिडकीसाठीच तर येतात, नाही का?" तिने थोडा विचार केला. "मी असं करते. 'असं म्हणतात' हे शब्द घालते. म्हणजे खोटं होणार नाही."

असं म्हणतात! अलिदाला हसू आलं, आणि ते हसू तिला कित्येक दिवस घशात जाणवत राहिलं, माशाच्या काट्यासारखं.

एक गोष्ट तिच्या हातात उरली होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी किल्ली तिच्याकडे होती. ती पुढच्या घरी न देता तिने गल्ली ओलांडली, नऊ नंबरचा जिना चढली आणि किल्ली फ्लोरच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुझी पाळी."

"रीत?"

"साठ वर्षं चुकलेली. आता सुरू."

गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. अलिदाचं वय झालं, डोकं चालत नाही, पाखंड्याच्या हाती मातेचा दिवा दिला. पास्तोरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. फ्लोरने शिडी लावली, टोपी काढून खिशात कोंबली आणि सिगारेटच्या लायटरने दिवा लावला. "जय हो मादाम," तो मूर्तीला म्हणाला, "मी नऊ नंबरवाला." अलिदाने खाली शिडी धरली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती फ्लोरकडे कॉफीला बसली होती. सव्वाचारच्या सुमाराला खालून आवाज आले. हिल्डाचा गट कोपऱ्यावर पोहोचला होता, वीसएक माणसं, वारं असल्यामुळे माना खांद्यांत घातलेली. मारियामाता, दिवा, कोलेटा, शिपाई. शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण अलिदाला ऐकायची गरज नव्हती. कुठलं वाक्य चाललंय ते तिला हिल्डाच्या खांद्यांवरून कळत होतं. ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"मागे ये," फ्लोर म्हणाला. "आता बोटं करतील."

खाली हिल्डाची छत्री मूर्तीवरून फिरली आणि वर आली. असं म्हणतात, एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं. मग बोटं उठली. काचेपलीकडून ती सगळी सरळ तिच्यावरच रोखलेली होती. पुढे उभ्या असलेल्या एका लहान मुलीला नीट दिसत नव्हतं म्हणून तिच्या आईने तिचं मनगट धरून हात वर करून दिला, आणि मुलीने बोट ताठ केलं.

अलिदा मागे सरली नाही. बोटं खाली जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.